चेनसॉच्या चेनला तेल पोहोचत नाही: पंप उघडण्याआधी काय काय तपासायचं

चेन कोरडी फिरताना दिसली की पहिला संशय ऑइल पंपावर जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. पंपात हलणारे भाग मोजकेच असतात आणि ते कायम तेलात असतात, त्यामुळे तो सहसा लवकर बिघडत नाही. तेल अडतं ते पंपाच्या पुढे, जिथे ओला भुसा साचून घट्ट बसतो. म्हणून इथली तपासणी बारच्या, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीच्या, बाजूने सुरू होते, मग टाकीकडे वळते आणि पंपापाशी सगळ्यात शेवटी पोहोचते.

तेलाची वाट अशी असते. टाकीत एक रबरी नळी असते, तिच्या टोकाला जाळी. तिथून तेल पंपात येतं. पंपातून ते यंत्राच्या अंगावर, जिथे बार टेकतो तिथल्या एका बारीक तोंडातून बाहेर पडतं. बारच्या मुळाशी असलेल्या भोकातून ते बारच्या खाचेत उतरतं. खाचेत फिरणारे चेनचे खालचे दात, म्हणजे ड्राइव्ह लिंक, ते ओढत टोकापर्यंत नेतात. तेल टाकीत परत येत नाही, सगळं वापरलं जातं. म्हणून पेट्रोलची एक टाकी संपली की तेलाची टाकीही तळाला आलेली असली पाहिजे. दोन्ही टाक्यांची मापं त्याच हिशोबाने ठरवलेली असतात: पेट्रोल आधी संपावं आणि तेल थोडंसं उरावं.

लक्षणं

सगळ्यात खात्रीचं लक्षण हेच आहे की पेट्रोल संपलं आणि तेलाची टाकी अजून अर्धी किंवा भरलेली आहे. याशिवाय पुढच्या गोष्टी दिसतात:

- कापताना बारमधून धूर येतो, जळक्या लाकडाचा वास येतो.
- बारच्या कडा निळसर किंवा जांभळ्या पडतात. पोलादावर निळा रंग चढायला ते सुमारे ३०० अंश सेल्सियस तापावं लागतं. तेवढं तापलेल्या कडेचा कडकपणा गेलेला असतो आणि ती पुढे झपाट्याने झिजते.
- ताणलेली चेन थोड्याच वेळात सैल होते, पुन्हा ताणली की पुन्हा सैल.
- यंत्र बंद करून चेन हाताने ओढली तर अडखळते. ती पुसून पाहिली तर फडक्यावर तेल उमटत नाही, नुसता काळा भुसा येतो.
- सुरुवातीला तेल नीट येतं आणि काही मिनिटांनी आटत जातं. हे लक्षण वेगळं लक्षात ठेवा, त्याचं कारणही वेगळं आहे.

धूर म्हणजे तेल नाही असं लगेच धरू नका. बोथट चेनही तितकाच धूर काढते. धारदार चेन लाकडाचे कपचे काढते, बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. ते पीठ तेल शोषून घेतं आणि घर्षणाने बार तापतो. चेन उलटी बसवली गेली असेल, म्हणजे बारच्या वरच्या बाजूला कापणाऱ्या दातांची धार टोकाकडे नसेल, तर यंत्र लाकूड कापत नाही, जाळतं. चेन फार ताणलेली असेल तरी बार तापतो. आधी या तीन गोष्टी पाहा. कानशीने धार लावली आणि धूर थांबला, तर पुढचं वाचायची गरज नाही.

हात लावण्याआधी

इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. विजेच्या यंत्राची पिन काढा, बॅटरीच्या यंत्रातून बॅटरी बाहेर काढा. हातमोजे घाला, कारण थांबलेली चेनही बोट कापते. क्लचचं कव्हर काढण्याआधी चेन ब्रेक सोडलेला असू द्या. ज्या यंत्रांत ब्रेकचा पट्टा कव्हरमध्येच असतो, त्यांत ब्रेक लावलेल्या स्थितीत कव्हर काढलं तर पट्टा आवळलेलाच राहतो आणि कव्हर पुन्हा क्लचच्या ड्रमवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या वाटीसारख्या भागावर, चढत नाही.

तेल कोणतं आणि किती

टाकीत तेल आहे का, हे पाहणं हास्यास्पद वाटेल, पण झाकण उघडून पाहाच. तेलाच्या झाकणातून चुकून पेट्रोल भरलं गेल्याचंही घडतं. वास घ्या. पेट्रोलमिश्रित तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि चेनवर टिकत नाही. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी गेलंय. दोन्ही बाबतीत टाकी पूर्ण रिकामी करा.

चेनसाठी बनवलेल्या तेलात चिकटपणा आणणारं द्रव्य मिसळलेलं असतं. पूर्ण वेगात चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते आणि टोकाशी एकदम वळते. साधं तेल त्या वळणावर फेकलं जातं, चिकट तेल टिकून राहतं. चेनचं तेल मिळत नसेल तर नवं एसएई ३० इंजिन ऑइल (एसएई हा तेलाच्या घट्टपणाचा क्रमांक, आकडा लहान तितकं तेल पातळ) तात्पुरतं चालतं, मात्र खप वाढतो. गाडीतून काढलेलं जुनं काळं तेल अजिबात घालू नका. त्यातले धातूचे बारीक कण पंपाचा दट्ट्या आणि बारची खाच दोन्ही खरवडतात, आणि ते तेल उडून कातडीवर व श्वासात जातं ते शरीराला घातक आहे. खाद्यतेल वापरून यंत्र महिनोन्‌महिने ठेवून दिलं तर ते सुकून राळेसारखं होतं. मग जाळी, नळी, पंप सगळंच चिकटून बसतं.

थंडीत घट्ट तेल जाळीतून ओढलंच जात नाही. अशा वेळी यंत्र थोडा वेळ उबदार जागी ठेवून पुन्हा पाहा, किंवा एसएई १० च्या जवळचं पातळ चेन तेल भरा.

पुठ्ठ्याची परीक्षा

टाकी भरा, यंत्र सुरू करा, ब्रेक सोडा. बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यापासून किंवा फिकट रंगाच्या ओंडक्यापासून साधारण २० सेंटिमीटर अंतरावर धरा. टोक कशालाही लागू देऊ नका. थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवणारा चाप, तीन चतुर्थांश दाबून मिनिटभर चालवा. पुठ्ठ्यावर तेलाची स्पष्ट रेघ उमटली पाहिजे. तुरळक ठिपके पडले तर तेल कमी पडतंय, काहीच नाही उमटलं तर वाट बंद आहे.

मंद चालीत तेल येत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. बऱ्याच यंत्रांत तो दोष नसतो. तिथे पंप क्लच ड्रमवर चालतो, म्हणजे चेन फिरेल तेव्हाच तेल सुटतं. चेन थांबलेली असताना तेल वाया जाऊ नये म्हणूनच ही सोय असते. परीक्षा नेहमी चेन फिरत असतानाच घ्या.

तेल कमी-जास्त करण्याचा स्क्रू

बहुतेक मध्यम आणि मोठ्या यंत्रांत क्लचच्या खालच्या बाजूला, यंत्र पालथं केलं की दिसणारा एक स्क्रू असतो. त्याच्याजवळ अधिक-उण्याच्या किंवा कमी-जास्त थेंबांच्या खुणा असतात. फिरवायची दिशा प्रत्येक यंत्रात सारखी नसते, म्हणून खुणा पाहूनच फिरवा आणि स्क्रू अडेल तिथे थांबा. जोर लावला तर आतली पिन वाकते. हा स्क्रू भुशाने इतका भरलेला असतो की तो आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. लांब बारला, कोरड्या आणि कठीण लाकडाला जास्त तेल लागतं. लहान घरगुती यंत्रांत हा स्क्रू नसतोच, त्यात तेलाचं प्रमाण कारखान्यातच ठरलेलं असतं. पूर्ण ‘अधिक’वर ठेवूनही रेघ उमटत नसेल तर पुढे जा.

बार काढून पाहा: बऱ्याच तक्रारी इथेच संपतात

कव्हरच्या नटा सोडा, चेन आणि बार उतरवा. आता यंत्राच्या अंगाकडे पाहा. जिथे बार टेकतो त्या सपाट जागेवर एक उभट खाच किंवा बारीक तोंड असायला हवं. बऱ्याचदा ते दिसतच नाही. तिथे तेल आणि भुसा मिळून झालेला काळा थर असतो, नखाने टोचला तर चामड्यासारखा लागतो. बार घट्ट आवळल्यावर हा थर दाबून बसतो आणि तोंडावर बूचच लागतं. मागे पंप चालू असतो, तेल मात्र बारच्या मागच्या बाजूने कडेला ओघळतं. बारच्या मुळाशी यंत्र ओलंचिंब आणि चेन कोरडी असं दिसलं, तर कारण हेच समजा.

हा थर लाकडी काडीने खरवडून काढा, मग रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने जागा धुऊन घ्या. आधी खरवडायचं आणि नंतरच हवा मारायची. थर तसाच असताना कंप्रेसरची हवा मारली तर भुसा तोंडातून आत पंपाकडे जातो. स्क्रू ड्रायव्हरचं पातं तोंडात खुपसू नका, तिथला धातू मऊ असतो.

आता बार. त्याच्या मुळाशी वर आणि खाली एकेक बारीक भोक असतं, तेल त्यातूनच खाचेत शिरतं. शेजारची मोठी भोकं चेन ताणणाऱ्या पिनेसाठी असतात, त्यांची गल्लत करू नका. बारीक भोकात तार घालून ती खाचेत उतरते का पाहा. मग खाच साफ करा. पातळ पट्टी टोकाकडून मुळाकडे ओढत आणा, म्हणजे कचरा टोकाच्या चक्रीत जाणार नाही. खाचेतून निघणारी काळी, घट्ट वात पाहिली की चेनला तेल का मिळत नव्हतं ते वेगळं सांगावं लागत नाही. दोन्ही बाजूंची भोकं साफ करा, कारण बार उलटवल्यावर दुसरं भोक कामाला येतं. धार लावाल तेव्हा दर वेळी बार उलटवून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

दुसऱ्या यंत्राचा किंवा ‘सगळ्यांना चालतो’ असं सांगून दिलेला बार असेल तर तो बोल्टांवर बसवून पाहा. भोक यंत्राच्या तोंडासमोर येतं का? काही मिलिमीटर जरी सरकलेलं असेल तरी तेल अडतं, मग पंप कितीही चांगला असो. असा बार वापरू नका.

खाचेची रुंदी आणि चेनची जाडी जुळते का तेही पाहा. प्रचलित मापं १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर अशी आहेत आणि बारच्या मुळाशी ती कोरलेली असतात. रुंद खाचेत पातळ चेन बसवली तर ती डुलते, तेल टोकापर्यंत न जाता कडेने गळतं. झिजलेल्या बारचंही तसंच होतं. परीक्षा सोपी आहे: सरळ पट्टी बारच्या बाजूला आणि चेनच्या कापणाऱ्या दाताला एकदम लावा. पट्टी आणि बार यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे. फट नसेल आणि चेन कलत असेल तर कडा झिजल्यात. ड्राइव्ह लिंक खाचेच्या तळाला टेकत असतील तर बारचं आयुष्य संपलं आहे. कडांवर आलेली धारदार पापुद्र्यासारखी कोर मात्र सपाट कानशीने काढता येते. टोकाची चक्री हाताने मोकळी फिरते का तेही पाहून घ्या.

सगळं जोडून पुठ्ठ्याची परीक्षा पुन्हा घ्या. रेघ आली तर काम झालं.

झाकण उघडताना हवा ओढल्याचा आवाज

तेल सुरुवातीला येऊन मग आटतं, ते लक्षण आता घ्या. पंप तेल ओढतो तेव्हा टाकीत तेवढीच हवा शिरावी लागते. त्यासाठी टाकीला हवेचा बारीक मार्ग असतो, कुठे रबरी झडप तर कुठे सच्छिद्र धातूचं बूच. तो चोंदला की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला तेल ओढता येत नाही.

यंत्र चालवा. तेल आटलं की इंजिन बंद करा आणि तेलाचं झाकण सावकाश उघडा. हवा आत ओढल्याचा ‘सूंऽऽ’ असा आवाज आला, आणि झाकण लावून पुन्हा चालवल्यावर काही मिनिटं तेल नीट आलं, तर दोष या हवेच्या मार्गातच आहे. भुसा ब्रशने काढा, बूच रॉकेलने धुऊन वाळवा. मोकळं होत नसेल तर नवं बसवा, हा भाग स्वस्तातला आहे. तिथे खिळ्याने भोक पाडू नका, नंतर तिथून तेल गळत राहतं.

टाकीतली जाळी आणि नळी

टाकी रिकामी करा. तारेचा बोथट आकडा करून नळी झाकणाच्या तोंडातून हळूच बाहेर ओढा, ताणू नका. टोकाची जाळी काढून रॉकेलमध्ये धुवा. प्रकाशासमोर धरल्यावर ती आरपार दिसली पाहिजे. नमद्याची असेल आणि धुऊनही कडक राहिली तर बदला. जाळीविना यंत्र चालवणं म्हणजे भुसा थेट पंपात पाठवणं.

नळी बोटांत दाबून, वाकवून पाहा. जुनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि ओढ बसली की आतल्या आत चपटं होतं. बाहेरून धडधाकट दिसणारी नळीही पंपाच्या तोंडाशी, वाकण्याच्या जागी तडकलेली असू शकते. मग तेलाबरोबर हवा ओढली जाते आणि बाहेर येणाऱ्या तेलात बुडबुडे दिसतात. टाकीत गाळ असेल तर अर्धा कप रॉकेल घालून हलवून ओता, मग थोड्या चेन तेलाने खळबळून तेही ओता. रॉकेल टाकीत ठेवून यंत्र चालवू नका, त्याने पंपाला वंगण मिळत नाही.

क्लचच्या मागे: वर्म गिअर आणि पंप

इथवर सगळं साफ असूनही तोंडातून तेल येत नसेल तर आता पंपाची पाळी. कव्हर काढून इंजिन चालवून तोंडाकडे पाहण्याची पद्धत कारखान्यांत दिसते, पण अनेक यंत्रांच्या पुस्तिका ती स्पष्टपणे मना करतात, कारण ड्रम उघडा फिरत असतो. घरी ती टाळा. त्याऐवजी क्लच उतरवून भाग डोळ्यांनी पाहणंच चांगलं.

स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारी दातेरी चक्री, बाहेरच्या बाजूला असेल तर लहान क्लिप आणि वॉशर काढल्यावर ड्रम हातात येतो. त्याच्या मागे वर्म गिअर, म्हणजे पंपाला फिरवणारा स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, असतो आणि त्याला एक वाकवलेली तार असते. या तारेचं टोक ड्रमच्या कडेवरच्या खाचेत बसायला हवं. ड्रम फिरला की तार वर्मला फिरवते आणि वर्म पंपाला. ड्रम नुकताच बदलला आणि त्याच दिवसापासून तेल बंद झालं, तर तार खाचेत बसलेलीच नाही किंवा वाकली आहे असं समजा. ड्रम बसवताना तो थोडा मागे-पुढे फिरवा, तार खाचेत पडलेली हाताला जाणवते.

क्लच बाहेरच्या बाजूला असेल तर तो आट्यांवर बसवलेला असतो, आणि हे आटे बहुधा उलटे असतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो, क्लचवर बाणही असतो. इंजिन अडवण्यासाठी स्पार्क प्लगच्या भोकातून जाड दोरी आत सोडतात. पिस्टन वर चढत असताना, त्याने एक्झॉस्टचं तोंड बंद केल्यानंतरच दोरी घाला. आधी घातली तर ती तोंडाच्या कडेत अडकून तुटते आणि तुकडा आत राहतो. दोरीचं टोक बाहेर ठेवा. दोरीऐवजी स्क्रू ड्रायव्हर कधीच घालू नका, पिस्टनला खड्डा पडतो.

वर्म गिअर प्लॅस्टिकचा असेल तर त्याचे दात पाहा. ब्रेक लावलेला असताना थ्रॉटल दाबली गेली की क्लच घसरून ड्रम भयंकर तापतो आणि प्लॅस्टिकचा वर्म वितळतो. दात गोल झालेले किंवा वितळलेले दिसले तर पंपाचा दट्ट्याही बाहेर काढून पाहा, कारण एकाचे दात गेले की दुसऱ्याचेही खराब झालेले असतात. बदलायचे तर दोन्ही एकदम बदला. पंप बसवताना सांध्यावर जाड सिलिकॉन फासू नका, दाबलेलं सिलिकॉन तेलाच्या मार्गात जाऊन बसतं.

थांबा आणि मेकॅनिककडे द्या

क्लच सोडवायला योग्य पाना नसेल तर छिन्नी-हातोडीने प्रयत्न करू नका. पंपाच्या मागेच क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या दांड्याचं, हवाबंद सील असतं. वर्म वितळून त्याचं प्लॅस्टिक क्रँकवर चिकटलेलं असेल तर ते खरवडताना सील फाटू शकतं. फाटलेल्या सीलमधून इंजिन जादा हवा ओढतं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. पंपाचं काम केल्यावर इंजिनची मंद चाल आपोआप वाढली किंवा थ्रॉटल सोडल्यावर वेग लवकर उतरत नसेल, तर त्याच क्षणी बंद करा.

टाकीला किंवा इंजिनच्या धडाला तडा दिसला, ब्रेकचा पट्टा जळलेला किंवा झिजलेला दिसला, ब्रेक लावल्यावर चेन जागच्या जागी थांबत नसेल, तरी पुढे जाऊ नका. ब्रेक हा टोक उसळून अंगावर येताना वाचवणारा भाग आहे, तो अंदाजाने दुरुस्त करायचा नसतो. वॉरंटीत असलेल्या यंत्राचा क्लच घरी उघडू नका. विजेच्या आणि बॅटरीच्या यंत्रांत बार, खाच, हवेचा मार्ग आणि जिथे हात पोहोचतो तिथे जाळी, एवढंच घरी करा. पंपासाठी मोटारीचं आवरण उघडावं लागतं, ते मेकॅनिकने करावं.

ठेवलेल्या यंत्राखाली तेल

काम संपल्यावर बारच्या खाचेतलं तेल ओघळून चमचाभर डाग पडणं नेहमीचंच आहे. टाकीच रिकामी होत असेल तर झाकणाची ओ-रिंग, हवेची झडप आणि नळीचा सांधा याच क्रमाने पाहा. उन्हात ठेवलेल्या यंत्रात तेल आणि हवा प्रसरण पावून गळती वाढते. फार दिवस ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

दुरुस्तीनंतर

पुठ्ठ्यावर रेघ आली तरी लगेच मोठ्या ओंडक्याला हात घालू नका. दोन्ही टाक्या काठोकाठ भरा, काही लहान फांद्या कापा, चेन गार झाल्यावर पुन्हा ताणा. बार गरम लागेल, पण हात लावता येईल इतपतच. पेट्रोल संपलं की तेलाचं झाकण उघडून पातळी पाहा. पाव टाकी किंवा त्याहून कमी उरली असेल तर यंत्र कामाला घ्या. अर्धी उरली असेल तर स्क्रू थोडा ‘अधिक’कडे फिरवा आणि पुढच्या टाकीला पुन्हा मोजा.